पाळण्यात उशी नको म्हणते सून

माझं वय ६२. आम्ही दोघं साताऱ्यात शनिवार पेठेत राहतो, मुलगा-सून पुण्याला. सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी सांगलीला झालं. नात आता तीन महिन्यांची आहे आणि पुढच्या आठवड्यात महिनाभर आमच्याकडे येतेय. बाळ घडीच्या क्रिबमध्येच, म्हणजे मिटून ठेवता येणाऱ्या कठड्याच्या खाटेतच झोपेल आणि त्यात उशी, लोड, पांघरूण काही नको, असं सुनेनं सांगितलंय. ह्यांनी माळ्यावरचा जुना लाकडी पाळणा काढून रंगवून ठेवलाय. मी मोहरीची उशी भरलीय, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीय. आमची दोन्ही मुलं झोळीत वाढली, त्यांना काही झालं नाही. मोकळ्या गादीवर बाळ ठेवायचं म्हणजे उघड्यावर टाकल्यासारखं वाटतं. राजपथावरच्या दुकानात क्रिबचे दोन प्रकार दाखवले, त्यातला कुठला घ्यावा तेही कळेना. सुनेचं ऐकायचं की आपल्या अनुभवाचं?
– एक आजी, सातारा

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि मला माझ्या थोरल्याची मोहरीची उशी आठवली. माझ्या आईनं भरलेली, मलमलच्या कापडाची, हातात घेतली की दाणे सळसळायचे. डोकं गोल होतं म्हणून मीही ती घातली होती. त्यानंतर २६ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली, आणि आज माझ्या नातवंडांच्या अंथरुणात मी ती येऊ देत नाही. तेव्हा आधी सरळ उत्तर देते: झोपेच्या बाबतीत तुमच्या सुनेचं बरोबर आहे. पूर्ण बरोबर आहे. का, ते सांगते. नुसतं ‘डॉक्टर म्हणतात’ म्हणून तुमच्या मनाला पटणार नाही, आणि पटल्याशिवाय तुम्ही रात्री दोनला उठून गुपचूप पांघरूण घालाल.

तीन महिन्यांच्या बाळाच्या तोंडावर कापड आलं तर ते हातानं बाजूला करता येत नाही. मान अजून पुरती धरलेली नसते. उशीत, लोडाला किंवा मऊ गादीत नाक टेकलं की बाळ आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहतं. रडत नाही, धडपडत नाही, शेजारी झोपलेल्याला चाहूलही लागत नाही. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांच्या आतली असतात, आणि त्यातही एक ते चार महिन्यांचा काळ सगळ्यात नाजूक. तुमची नात नेमकी त्याच वयात तुमच्याकडे येतेय.

‘आमच्या मुलांना काही झालं नाही’ हे खरंच आहे, आणि देवाची कृपा. पण आपल्या लहानपणी गल्लीत एखादं तान्हं रात्रीत गेलं की काय म्हणायचे, आठवा. ‘छाती भरली’, ‘दृष्ट लागली’. पुढं त्या घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. ज्यांची वाढली त्यांनीच अनुभव सांगितले. ज्यांची गेली त्या आयांनी कधी कुणाला सल्ला दिला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली सांगायला सुरुवात केली की तान्ह्या बाळाला पालथं झोपवू नका. १९९४ पासून तिथं बाळाला उताणं झोपवण्याचा घरोघरी प्रचार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. नवं औषध आलं नव्हतं, लस आली नव्हती. बदलली ती झोपवायची पद्धत.

उताणं म्हटलं की प्रत्येक आजी मला एकच विचारते: दूध वर आलं तर घशात अडकणार नाही का? हे नीट समजून घ्या, कारण वाटतं त्याच्या उलटं आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या अंगाला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, पाठीकडं. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढून जावं लागेल. बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं झोपवलं की दोन्ही नळ्यांची जागा उलटते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी उतरतं. कुशीवरही नको, कुशीवरचं बाळ कधी पालथं होईल सांगता येत नाही. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा, आणि मग उताणं ठेवा, दुपारच्या झोपेलासुद्धा. पुढं ती स्वतःहून दोन्हीकडं वळायला लागली की झोपेत पालथी झाली तरी सारखं उठून सरळ करत बसायला नको, ठेवताना मात्र उताणीच ठेवायची. आणि दुपट्यात गच्च गुंडाळून झोपवणं आता बंद. वळायचं वय जवळ आलंय, हात आत बांधलेले असताना पालथी पडली तर तिला उलटता येणार नाही.

आता झोळी. लुगड्याच्या झोळीत बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ असते, मान अशी दुमडली की हवेची वाट अरुंद होते. वर दोन्ही बाजूंचं कापड तोंडाजवळ मिटतं. ऊसतोडीच्या फडात झाडाला बांधलेली झोळी मीही पाहिलीय. त्या बाईला दुसरी सपाट जागा नसते. तुमच्या घरात आहे. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून, १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांना झोपवायची साधनं आणि क्रिबच्या कडांना बांधायचे मऊ लोड, दोन्हींच्या विक्रीवर बंदी आणली. झोळीचा बाक तर त्याहून कितीतरी जास्त. जागी असताना, तुम्ही समोर बसून दोन झोके दिलेत तर माझी हरकत नाही. डोळा लागला की उचलून सपाट गादीवर.

लाकडी पाळण्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटतंय. तुमच्या ह्यांनी किती हौसेनं तो माळ्यावरून उतरवला असेल ते दिसतंय. पण त्यांनाच टेप घेऊन बसायला सांगा. दोन गजांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बाळाचे पाय आणि धड त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. आपल्याकडच्या जुन्या पाळण्यांत, नक्षीच्या कमानी असल्या तर फारच, ही फट सर्रास मोठी असते. दुसरं, रंग. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाळणा तुमच्या मुलांच्या वेळचा, म्हणजे वरच्या नव्या रंगाखाली जुना थर असणारच. दात यायला लागले की पोरं पाळण्याची कड चावतात, आणि शिसं पोटात जाणं बाळाच्या मेंदूला घातक असतं. तेव्हा तो झोपण्यासाठी नको आणि कड चघळण्यासाठीही नको. बैठकीत लावा, फुलांच्या माळा सोडा, नात मांडीवर घेऊन त्याच्याजवळ फोटो काढा. त्याचा मान तेवढ्यानंही राहील.

दुकानातल्या दोन प्रकारांपैकी एक छत्रीसारखा उघडणारा मच्छरदाणीचा बिछाना असणार. खाली फुगीर स्पंजची गादी, एक छोटी उशी, कधी दोन्ही बाजूंना लोड. स्वस्त आणि हलका म्हणून तोच जास्त खपतो. दुकानात गादीच्या मधोमध तळहात दाबून पाहा, हात उठवल्यावर खळगा राहिला की समजा तिथं नाकही रुतेल. तो घेऊ नका. दुसरा, धातूच्या चौकटीचा, चारी बाजूंना जाळी आणि तळाशी पातळ कडक पॅड असलेला, जो मिटून लांबट पिशवीत जातो, तो घ्या. पॅड हाताला लाकडासारखं लागेल आणि तुमचा जीव कळवळेल. पण तान्ह्या बाळाला तेवढंच कडक लागतं. वर दुसरी गादी टाकायची नाही, गोधडीची घडी नाही, रबरी शीटखाली मऊ कापडही नाही. गादी जाड केली की ती आणि जाळी यांच्यात फट पडते आणि बाळ त्या फटीत तोंड घालून अडकतं. त्या क्रिबबरोबर जे पॅड आलं तेच, आणि ते कडेपर्यंत बसलं पाहिजे.

घेताना जाळीवरून बोट फिरवा. भोकं इतकी बारीक हवीत की झबल्याचं बटण त्यात अडकणार नाही, आणि कुठं उसवलेलं, फाटलेलं नको. चाकं असतील तर त्यांना अडकण हवी. वजनाची आणि उंचीची मर्यादा छापलेली असते ती वाचून घ्या. काहींत वरच्या टप्प्यावर लहान बाळासाठी उथळ बिछाना अडकवता येतो. तो साधारण ६.८ किलोपर्यंत किंवा बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागेपर्यंतच, पुढं खालच्या तळावर. वेष्टनावर अमेरिकेचं एएसटीएम एफ ४०६ किंवा युरोपचं ईएन ७१६ हे मानक लिहिलेलं असेल तर उत्तम. कुणी जुना क्रिब देऊ केला तर त्याचा एकही स्क्रू, एकही कळ कमी असता कामा नये, आणि एक बाजू खाली सरकणारा असेल तर फुकट मिळाला तरी नको. त्या सरकत्या बाजूच्या क्रिबवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, कारण बाजू निखळून बाळं अडकून दगावली. आणि एक, दुकानदारानं उघडून दाखवला म्हणून समाधान मानू नका. तुम्ही आणि तुमच्या ह्यांनी तिथंच तीनदा उघडून, तीनदा मिटून पाहा. सून येईल त्या रात्री सगळे दमलेले असतील, तेव्हा कागद वाचत बसायची वेळ नसते.

हे मी इतकं का सांगते, त्यामागं एक प्रसंग आहे. मिरजेला माझ्या बहिणीकडं तिच्या नातवासाठी असाच क्रिब मांडला होता. चादर घातलेली, खेळणं टांगलेलं, सगळं साजरं. पोरगं अजून आईच्या कडेवर होतं. मी सवयीनं लांबच्या दांडीवर तळहात ठेवून वजन दिलं, आणि दांडी मधोमध मोडल्यासारखी खाली आली. दोन तुकड्यांचा खोल कोन झाला, कात्रीसारखा. मोडलं काहीच नव्हतं. दांडी वर ओढताना ‘खट्’ असा आवाज झाला नव्हता, तेवढंच. त्या कोनात बाळाची मान सापडली असती. बहीण बराच वेळ काही बोललीच नाही.

बहुतेक क्रिब उघडायचा क्रम असा असतो: तळाचा मधला भाग वर धरून ठेवायचा, आधी चारी दांड्या ओढून ‘खट्’ होईपर्यंत अडकवायच्या, मग तळ पायानं किंवा हातानं खाली दाबायचा. तळ आधी दाबला तर दांड्या नीट अडकतच नाहीत. तुमच्या क्रिबचा क्रम थोडा वेगळा असेल, सोबतचा कागद पाहा आणि तो कागद क्रिबच्या पिशवीतच ठेवा. मग चारी दांड्यांवर मधोमध एकेक करून तळहात ठेवायचा आणि जोर द्यायचा. हे रोज. बाळ ठेवायच्या आधी, प्रत्येक वेळी. देवापुढं दिवा लावण्याइतकं हातवळणी पडलं पाहिजे.

क्रिब ठेवायचा सुनेच्या पलंगाशेजारी, हात पोचेल एवढ्या अंतरावर, जमिनीवरच. निदान पहिले सहा महिने बाळ आईच्या खोलीत पण स्वतःच्या अंथरुणावर, हे सगळ्यात चांगलं. रात्री पाजायला उठणंही सोपं जातं. पाजता पाजता सुनेचा डोळा लागेल, लागतोच. म्हणून सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून रात्रीचं पाजणं टाळा, तिथं झोप लागली तर बाळ फटीत सरकायचा धोका पलंगापेक्षाही जास्त. तुम्हाला जाग आली आणि दिवा दिसला तर हळूच जाऊन बाळ उचलून क्रिबमध्ये ठेवा. त्या क्षणी तुमच्याइतका आधार तिला कुणाचा नसेल. क्रिबच्या वर भिंतीला तसबीर, घड्याळ नको. पडद्याची दोरी, फोनच्या चार्जरची वायर हाताशी येईल असं नको. डासांचं म्हणाल तर मच्छरदाणी हवीच, पण क्रिबच्या आत लोंबणारी नको. तुमची मोठी मच्छरदाणी पलंग आणि क्रिब दोन्हींवर ताणून बांधा आणि कडा गादीखाली खोचा.

थंडीची तुमची काळजी रास्त आहे. डिसेंबरात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पहाटे काय गारठा असतो, आणि शहाबादी फरशी तर बर्फ. पण ऊब कपड्यांतून द्यायची, पांघरुणातून नाही. तुम्ही जितके थर घालाल त्यापेक्षा एक जास्त: सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचं गरम, पायमोजे. बाजारात बाळाला अंगात घालायची बिनबाह्यांची झोपेची पिशवी मिळते, ती मिळाली तर पांघरुणाचा प्रश्नच मिटतो. गळा मात्र बेताचा हवा, डोकं आत जाईल एवढा मोठा नको. गार वाटतंय का हे हातापायांवरून ठरवू नका, बाळाचे तळवे गार असतातच. मानेमागं, पाठीवर हात घालून पाहा. तिथं घाम असेल तर एक थर काढा, कारण अंग फार तापणंही झोपेत धोक्याचंच. टोपडं जागेपणी घाला, झोपताना काढा. ते डोळ्यांवर, नाकावर सरकतं, आणि नाडी गळ्याशी असते. गळ्यात काळा दोरा, ताईत काही नको. दृष्टीसाठी हवंच असेल तर टाचेला काजळाचा ठिपका पुरे.

शेगडीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी सांगते. न्हाऊ घातल्यावर बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी, हे अजिबात नको. निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, आणि आईसकट बाळाला गुंगी येते. बिडी-सिगारेट ओढणारं कुणी घरी येत असेल तर त्याला बाळाच्या खोलीपासून लांबच ठेवा.

सांगलीहून येताना पेठ नाक्याला हायवेला लागलं की गाडीत ती झोपेल. गाडीत बसवायच्या बाळाच्या खास सीटमध्ये झोपली तर प्रवासापुरतं ठीक. घरी पोचल्यावर ‘झोपलीय, उठवू नका’ म्हणून त्या सीटमध्येच ठेवू नका. मान तिथंही झोळीसारखीच दुमडते. उचला आणि क्रिबमध्ये ठेवा, रडली तर रडली.

राहिली डोक्याची गोलाई. सारखं उताणं ठेवून डोकं मागून थोडं चपटं होतं, हे खरं आहे. त्याला उपाय उशी नव्हे, जागेपणी पालथं घालणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, असं तुकड्या-तुकड्यानं. मान धरायला, खांदे बळकट व्हायला तेच कामी येतं. आणि इथं ताई, तुमची गोधडी. सकाळी उन्हाची तिरीप येते त्या जागी फरशीवर चटई टाका, वर गोधडी पसरा, नातीला पालथी घाला आणि तुम्ही समोर आडव्या व्हा, तिच्या तोंडाशी तोंड येईल अशा. लुगड्याच्या काठांचे रंग ती बघत राहील, तुमच्या आवाजाकडं मान उचलेल. हे सुनेला एकटीला दिवसभर जमणार नाही. तुम्ही घरात आहात म्हणून जमेल. रात्री क्रिबमध्ये ठेवताना तिचं डोकं एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं करा.

‘उघड्यावर टाकल्यासारखं’ वाटतं म्हणालात. पहिल्या दोन रात्री वाटेलच, मलाही वाटलं होतं. पण सुनेनं हे तुमच्या विरोधात ठरवलेलं नाही. तीन महिने रात्र-रात्र जागून तिनं एवढं एकच काटेकोर ठरवलंय. तिनं येऊन प्रत्येक रात्री क्रिबमधून तुमची उशी काढून ठेवायची आणि तुम्ही बघत राहायचं, असं होऊ देऊ नका. ती यायच्या आधीच मोहरी डब्यात ओता. बाळाच्या तेलाची, न्हाण्याची, अंगाईची सूत्रं तिनं तुमच्या हातात दिली तर मनापासून घ्या.

आणि तुमच्या हाताला शिवण आहे, तर एक काम आहेच. क्रिब घरी आला की त्याच्या पॅडची लांबी, रुंदी, जाडी मापा. धुवट सुती कापडाच्या दोन-तीन चादरी शिवा, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक घालून, पॅडच्या खालून घट्ट बसतील अशा, कुठं चुणी राहणार नाही आणि ओढून निघणार नाही. बाजारातली चादर त्या मापाची सहसा मिळत नाही, आणि बाळ रोज एक तरी भिजवणार. आज रात्रीच सुनेला फोन करून सांगा की चादरी आणू नकोस, मी शिवतेय.